शेवटच्या रांगेतल्या मिस

विरारजवळच्या निर्मळ गावात एका घरात वरच्या दोन खोल्या भाड्याने मिळतील असं शाळेतल्या शिपायाने सांगितलं, म्हणून आम्ही नवरा-बायको बघायला गेलो. घरमालकीणबाईंनी आमची जात विचारली नाही, गाव विचारलं नाही, मुलंबाळं कधी होणार हेही विचारलं नाही. उंच, सडसडीत बाई. पायघोळ काळा स्कर्ट, केस बारीक कापलेले, वय पन्नाशीच्या पुढे. दारातच उभं राहून त्यांनी विचारलं, "कुकर आहे?"

"आहे," मी म्हटलं. लग्नात दोन आले होते.

"सकाळी दहा ते एक शिट्टी चालणार नाही. रविवारीसुद्धा नाही."

माझ्या नवऱ्याला वाटलं, कुणी आजारी असेल घरात. तसं त्याने विचारलंही. तर त्या म्हणाल्या, "आजारी कुणी नाही. मी वाजवत असते. कुकरची शिट्टी धड या सुरात नसते, धड त्या सुरात नसते. कानात शिरली की माझं दिवसभराचं मोडतं."

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "आपण दुसरीकडे बघू." पण स्टेशनजवळच्या नव्या बिल्डिंगांमध्ये तेव्हा पाण्याचे हाल होते, आणि इथे परसात विहीर होती. सभोवती केळी, त्यांच्या पलीकडे मोगऱ्याचे वाफे. आम्ही खोल्या घेतल्या. माझी शाळा दुपारची, म्हणजे सकाळी घरात मी एकटी. पहिले काही महिने पातेल्यात भात शिजवताना मी त्या बाईंच्या नावाने रोज चरफडत असे.

गावात सगळे त्यांना मिस म्हणत. कधीकाळी वर्षभर कॉन्व्हेंटात गाणं शिकवलं होतं, तेवढ्यावर ते नाव चिकटलं. मी शाळेत शिकवते म्हणून त्या मला टीचर म्हणायला लागल्या. दहा वर्षं आम्ही एकमेकींना मिस आणि टीचर म्हणत राहिलो.

मिस चेलो वाजवत. हे वाद्य मी त्यांच्याकडेच पहिल्यांदा पाहिलं. व्हायोलिनचाच थोरला भाऊ, पण खांद्यावर न घेता खुर्चीत बसून दोन गुडघ्यांच्या मध्ये धरायचा आणि समोरून आडवा गज ओढायचा. आवाज पुरुषी, भरदार, जमिनीतून आल्यासारखा. माझ्या स्वयंपाकघराची फरशी थोडी थरथरायची. घरातली पूर्वेची मोठी खोली चेलोची होती. तिथे तो कोपऱ्यात शाल पांघरून उभा असे. मिस स्वतः स्वयंपाकघराच्या बाजूच्या चिंचोळ्या खोलीत झोपत.

त्यांचे वडील गावातल्या लग्नाच्या बँडमध्ये व्हायोलिन वाजवायचे. मुलीला कान आहे हे ओळखून त्यांनी तिला मुंबईत एका म्हाताऱ्या युरोपियन मास्तरांकडे नेलं. हे मास्तर लढाईच्या काळात जीव वाचवून मुंबईला आले आणि इथेच राहिले. त्यांनी मुलीचं गाणं ऐकलंच नाही. तिचा पंजा उघडून बघितला, बोटं ताणून पाहिली आणि म्हणाले, हिचा हात व्हायोलिनला मोठा होईल, हिला चेलो द्या. पुढे मिस शिष्यवृत्तीवर जर्मनीला गेल्या, तिथल्या एका लहानशा शहराच्या वाद्यवृंदात त्यांना नोकरीही लागली. काही वर्षं त्या तिथे होत्या. मग आई अंथरुणाला खिळली म्हणून परत आल्या. आई लवकर बरी झाली नाही आणि लवकर गेलीही नाही. तोवर तिकडची खुर्ची दुसऱ्या कुणाला दिली गेली.

हे सगळं मला त्यांनी एका बैठकीत सांगितलेलं नाही. वर्षांमागून वर्षं, जिन्यात, विहिरीपाशी, तुकड्या-तुकड्याने कळत गेलं. स्वतःबद्दल बोलायला लागल्या की त्या मधेच थांबत आणि भलतंच काही विचारत. "टीचर, वांगं कसं दिलं आज?"

मुंबईत मग त्यांनी सिनेमाची रेकॉर्डिंगं केली, हॉटेलात वाजवलं. आम्ही राहायला गेलो तोवर ते संपलेलं होतं. "आता एक मुलगा कीबोर्ड घेऊन येतो आणि आम्ही दहा जण घरी बसतो," असं त्या म्हणत. ते तक्रार केल्यासारखं नाही, हवा सांगितल्यासारखं. उरला होता फक्त हिवाळ्यातला वाद्यवृंद. मुंबईत दर थंडीत पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत वाजवणारी माणसं गोळा होत, बाहेरून कुणी कंडक्टर येई, थोडे दिवस तालमी आणि मग दोन-तीन कार्यक्रम. त्यात चेलोवाल्यांच्या अगदी शेवटच्या रांगेत मिस बसत. त्या दोन-तीन संध्याकाळींसाठी त्या वर्षभर दहा ते एक वाजवत.

आणि वाजवत त्या फक्त स्वतःचा भाग. हे मला फार उशिरा समजलं. मला वाटायचं, हे संगीतच असं असतं. तेच-तेच चार खालचे सूर, मग बराच वेळ शांतता, मग पुन्हा तेच सूर. एकदा ती शांतता पडलेली बघून मी खाली गेले. म्हटलं, झालं असेल वाजवून, केळ्याची भाजी देऊन येऊ. दार लोटलं तर मिस डोळे मिटून बसलेल्या, गज मांडीवर, ओठ हलतायत. मी "मिस" म्हणताच त्यांनी एक बोट वर केलं. मी वाटी हातात धरून उभी. कितीतरी वेळाने त्यांनी गज उचलला, दोनच सूर ओढले आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"मधे बोलू नये, टीचर. मी मोजत होते."

"पण तुम्ही तर थांबला होता."

"थांबले नव्हते. बाकीचे वाजवत होते. त्यांचं संपेपर्यंत मी मोजते. मी गप्प असते म्हणजे मी वाजवत नसते असं समजू नका."

"मग यात गाणं कुठे आहे?"

"गाणं दुसऱ्यांकडे असतं," असं म्हणून त्यांनी वाटीवरचं झाकण उघडून भाजीचा वास घेतला.

त्यांचे धाकटे भाऊ त्याच वाडीत, पलीकडच्या घरात राहत. केळी आणि फुलं त्यांचीच. त्यांना आम्ही अंकल म्हणायचो, त्यांच्या बायकोला आंटी. अंकल अबोल. आंटी बोलक्या, पण नणंदेचा विषय निघाला की त्यांचा आवाज कोरडा व्हायचा. मिस मासळी साफ करत नसत, विळीला हात लावत नसत, फुलं खुडत नसत. बोट कापलं तर? अर्नाळ्याहून मासेवाली यायची, तेव्हा दोन्ही घरांची मासळी आंटीच कापायच्या.

"तिचे हात देवाने वेगळे केलेत," त्या मला एकदा म्हणाल्या. "आमचे उरलेल्या मातीचे."

गावातल्या जुन्या बायकांची तक्रार दुसरीच होती. बाईमाणसाने असं गुडघे फाकवून बसावं, हे त्यांना चाळीस वर्षांतही पचलं नव्हतं. मिसच्या आईलाही ते पचलं नव्हतं. तिने मुलीला सांगितलं होतं, वाजव, पण दार लावून. म्हणून मिस आयुष्यभर दार लावून वाजवत आल्या. त्या एकदा म्हणाल्या, "आईने मला वाजवताना कधी बघितलं नाही. बाहेर पायरीवर तांदूळ निवडत बसायची. वाजवणं संपलं की सूप उचलून आत जायची."

चर्चच्या फादरनी नाताळाच्या मिस्साला वाजवायला बोलावलं, तर मिसनी नाही म्हटलं. गायकवृंद बेसूर आहे, असं तोंडावर सांगितलं. लग्नात वाजवायला तर सरळच नकार. लोक म्हणत, फार चढलीय. ते मिसच्या कानावर जायचं. त्यांनी कधी खुलासा केला नाही. संध्याकाळी त्या राजोडीच्या समुद्रापर्यंत चालत जात. पुढे तिथे शनिवार-रविवारी मुंबईची माणसं आणि लाउडस्पीकर यायला लागले, तेव्हा तेही बंद केलं. मग त्या घरातच फेऱ्या मारत.

तालमींना त्या फुलांच्या टेम्पोतून जात. वाडीतली फुलं पहाटे दादरला निघत, त्या टोपल्यांच्या मध्ये गादी घालून चेलो आडवा ठेवलेला आणि मिस पुढे ड्रायव्हरशेजारी. एका थंडीत त्यांनी मलाही नेलं. "दोन वर्षं वर बसून ऐकताय. एकदा सगळं ऐका," म्हणाल्या.

मी मोठ्या सभागृहात असं पहिल्यांदाच बसले होते. सुरुवातीला काही कळेना. व्हायोलिनं वाजत होती, बासऱ्या वाजत होत्या, आणि मला झोप यायला लागली होती. मग अचानक खालून ते चार सूर आले. माझ्या स्वयंपाकघरातले. पोळ्या लाटताना, डाळ धुताना, कपडे वाळत घालताना जे दोन वर्षं कानावर पडत होते, ते. त्यांच्यावर आता गाणं उभं होतं. मला रडू यायला लागलं आणि शेजारच्या पारशी बाईंनी रुमाल पुढे केला. मागच्या रांगेत मिस दिसत होत्या. मान किंचित खाली, चेहऱ्यावर काहीच नाही. दळण दळणाऱ्या बाईसारखा चेहरा.

परतताना मी काही बोलायचा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, "दुसऱ्या भागात कर्णेवाले घाईत होते." एवढंच.

त्यानंतर काही वर्षांनी मिसनी माझ्यासमोर चहा प्यायचं सोडलं. मी खाली गेले की कप तसाच ठेवत, थंड होऊ देत. माझ्या लक्षात यायला वेळ लागला. एके दिवशी मी न हाक मारता गेले, तर त्या बशीत चहा ओतून, बशी टेबलावरच ठेवून, खाली वाकून पीत होत्या. उजवा हात मांडीखाली दाबून धरला होता.

मी मागच्या मागे परतले. त्यांनी मला पाहिलं की नाही, ठाऊक नाही.

सकाळचे सूर कमी होत गेले. दहा वाजता दार लागायचं, एक वाजता उघडायचं, पण आतून क्वचित काही ऐकू यायचं. मी स्वतःला समजावायची की या वर्षी त्यांच्या वाट्याला विराम जास्त आले असतील. कुकर मात्र लावायची नाही.

अंकलना मी विचारलं. ते म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, हाताची थरथर वाढत जाणार. गोळ्या आहेत. ती घेत नाही. गोळीने डोकं जड होतं, मोजता येत नाही म्हणते."

त्या थंडीत मिस मला म्हणाल्या, "टीचर, तालमीला चला माझ्याबरोबर. चेलो उचलायला कुणीतरी पाहिजे." त्यांनी कधी कुणाला त्या पेटीला हात लावू दिला नव्हता. मी शाळेत रजा टाकली.

तालीम होती म्हणून मला रंगमंचाच्या कडेला, विंगेत खुर्ची मिळाली. तिथून मिस अगदी जवळ, चार पावलांवर. वाजवणं सुरू झालं. सगळ्या चेलोवाल्यांचे गज एकदम वर, एकदम खाली. मिसचाही. कोपर, मनगट, सगळं त्यांच्या बरोबरीने. बघता-बघता माझ्या ध्यानात आलं की त्यांचा गज तारेवर टेकतच नाहीये. तारेच्या वर, पोस्टकार्ड सरकवता येईल एवढ्या अंतरावरून तो जातोय आणि येतोय. हवेत त्याची थरथर दिसत होती. डाव्या हाताची बोटं मात्र प्रत्येक सूर नेमका दाबत होती.

मला वाटलं, हे फक्त मलाच दिसतंय. मधल्या सुट्टीत त्यांच्या शेजारी बसणारे गृहस्थ माझ्याकडे चहा घेऊन आले. चष्मेवाले, दिवसा बँकेत अधिकारी. मिसबरोबर त्यांची वीसेक वर्षं स्वरलिपीच्या एकाच स्टँडपुढे गेली होती. ते हळूच म्हणाले, "तुम्ही बघितलंत ना?"

मी मान हलवली.

"आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. मागच्या वर्षीपासून. आमच्या रांगेत कुणी चकार शब्द काढत नाही."

"का?"

"एक तर त्यांना सांगणार कोण? आणि दुसरं म्हणजे, लांब विराम आला की आमच्यातला कुणी ना कुणी मोजायला चुकतो. मिस चुकत नाहीत. त्यांनी श्वास घेतला की आम्ही गज टेकवतो. त्या नसल्या तर आमची पंचाईत होईल."

ते मनापासून बोलत होते की मला बरं वाटावं म्हणून, हे मी आजही सांगू शकत नाही.

सुट्टीनंतर कंडक्टरने चेलोंना थांबवलं. तरुण होता, त्याच वर्षी पहिल्यांदा आलेला. त्याला मागून आवाज कमी येत होता. काही ओळी त्याने चेलोंना वेगळ्या वाजवायला लावल्या, मग म्हणाला, जोडीजोडीने वाजवा, आणि मग एकेकट्याने. ते सगळं इंग्रजीत चाललं होतं, पण कळायला अडचण नव्हती. पहिल्या रांगेतून एकेकजण वाजवत मागे येऊ लागला. शेजारचे गृहस्थ उगीचच खुंटी पिळत बसले. त्यांना वेळ काढायचा होता, हे मलाही समजलं. त्यांची पाळी आली, त्यांनी वाजवलं, वाईट वाजवलं. कंडक्टरने मिसकडे पाहिलं.

मिसनी गज मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "मी वाजवत नाहीये."

"पुढच्या वेळी वाजवाल?"

"नाही. आजवर या तालमींत मी एकही सूर वाजवलेला नाही."

"मग तुम्ही काय करता, मॅडम?"

"मोजते," मिस म्हणाल्या.

कंडक्टर माणूस म्हणून वाईट नव्हता. त्याने वही मिटली, दोन पावलं पुढे आला आणि अगदी सौम्यपणे म्हणाला की त्यांची इच्छा असेल तर त्यांनी बसून राहायला हरकत नाही. ते त्याने बोलायला नको होतं. मिस उठल्या. त्यांनी गज सैल केला, पुसला, चेलो पेटीत ठेवला, आणि पेटीचे चाप काही त्यांच्या हाताने लागेनात. शेजारचे गृहस्थ उठायला लागले, तर मिसनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. ते खाली बसले. चाप मी लावले. आम्ही बाहेर पडलो तोवर आत पुन्हा वाजवणं सुरू झालेलं नव्हतं.

टॅक्सीतून निम्म्या वाटेवर त्या म्हणाल्या, "चांगला आहे मुलगा. कान चांगला आहे. बाकीच्यांना दोन वर्षांत कळलं नाही."

"त्यांना कळलं होतं, मिस," हे माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी खिडकीकडे तोंड वळवलं. घोडबंदरचा रस्ता संपेपर्यंत त्या तशाच बसून होत्या. आपण गुपित राखतोय हाच त्यांचा आधार होता आणि तो मी काढून घेतला, की आपल्याला सांभाळून घेतलं गेलं हे कळून त्यांना बरं वाटलं, हे चेहऱ्यावरून मला वाचता आलं नाही. घरी पोचल्यावर एवढंच म्हणाल्या, "माझ्या शेजारच्यांना सांगा, मधल्या भागात तेरावं पान उलटताना घाई करतात."

पुढे आम्ही विरारला फ्लॅट घेतला. मी महिन्या-दोन महिन्यांनी जात असे. मिस आता दार उघडं ठेवून बसत. खोलीत चेलो होता, पण त्या त्याच्याकडे पाठ करून, खिडकीशी. आंटी येऊन त्यांना भरवून जात. दोघी एकमेकींशी त्यांच्या घरच्या बोलीत काहीबाही बोलत, मला निम्मं कळायचं नाही. आंटींचा आवाज पूर्वीसारखा कोरडा राहिला नव्हता, एवढं मात्र कळायचं.

एका पावसाळ्यात मिस न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळात महिना गेला. पावसाळ्यात त्या चेलोजवळ रात्रंदिवस दिवा पेटता ठेवत, लाकडाला ओल लागू नये म्हणून. हे त्यांनाच ठाऊक. त्या गडबडीत दिव्याचं कुणाच्या मनातही आलं नाही. खोली बंद राहिली. अंकलनी उघडली तेव्हा चेलोची पाठ सुटून आली होती आणि मान कलली होती.

अंकल छत्री मिटत माझ्या विरारच्या दारात उभे राहिले. "टीचर, तुम्ही सांगा तिला. माझ्याने होणार नाही."

मी गेले. मिस इस्पितळाच्या पलंगावर अगदी लहान दिसत होत्या. मी जे झालं ते सांगितलं. त्यांनी विचारलं, "लाकूड फुटलंय?"

"नाही. अंकल म्हणतात, नुसते सांधे सुटलेत."

"मग ठीक. सरस सुटतो ते बरं. त्याने धरून ठेवलं असतं तर लाकूड फुटलं असतं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "चेलो माझ्या शेजारी बसणाऱ्यांना द्या. जोडून घेतील."

त्या घरी परतल्या नाहीत. गणपतीनंतरच्या आठवड्यात गेल्या. दफनाला पाऊस होता. बँकेतले गृहस्थ आले होते, परत जाताना त्यांनी ते तुकडे चादरीत गुंडाळून नेले. मुंबईत कुणा कारागिराकडून त्यांनी चेलो जोडून घेतला आणि आपला बाजूला ठेवून तोच वाजवायला लागले. थंडीत त्यांनी आम्हाला तिघांना पास पाठवले. वाडी सोडून अंकल-आंटींना येता आलं नाही. मी एकटी गेले.

दुसऱ्या दिवशी निर्मळला जाऊन मी अंकलना सांगितलं. ते केळीला पाणी सोडत होते.

"वाजतो का नीट?"

"वाजतो."

"आवाज तिचाच आहे?"

मी खरं ते सांगितलं. "अंकल, आठ चेलो होते. सगळे एकत्र वाजवतात. त्यातला तो कुठला, हे मला ओळखता आलं नाही."

"म्हणजे ती होती तेव्हापण नसेल ओळखता आलं?"

"नाही."

अंकल पाटाच्या कडेला फावडं टेकून उभे राहिले. पाणी एका आळ्यात भरून दुसऱ्यात वाहायला लागलं.

"मग एवढं कशासाठी केलं तिने?" त्यांनी विचारलं. ते खरंच विचारत होते. त्यांना वाटत होतं, मी शिकलेली आहे, मी ऐकून आले आहे, मला माहीत असेल.

थोडा वेळ वाट पाहून ते मोटर बंद करायला गेले.